वस्तऱ्याचा पट्टा : एका साधनाचा आणि त्याच्या नावांचा इतिहास

१

वस्तऱ्याची धार राखण्यास दोन साधने लागतात : दगड आणि चामडे. दगडावर पोलाद झिजते व त्यातून धार निर्माण होते. चामड्यावर वस्तरा फिरवला की आधीच असलेली धार साफ, सरळ व गुळगुळीत होते. दगडाचे काम काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी निघते. चामड्याचे काम दर दाढीपूर्वी करावे लागते. इंग्रजीत या चामड्याच्या पट्ट्यास 'स्ट्रॉप' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्याला नुसते 'पट्टा' असे म्हटले आहे.

पट्ट्यासंबंधी दोन प्रश्न विचारले जातात. पट्टा कोणता निवडावा, हा पहिला. तो वापरावा कसा, हा दुसरा. वरवर पाहता हे प्रश्न कारागिरीचे आहेत, इतिहासाचे नव्हेत. परंतु अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनची साधने तपासू लागले म्हणजे या दोन प्रश्नांचे परस्परांतील वजन बदलत गेल्याचे दिसते. वापराचा प्रश्न हाताचा आहे. म्हणून तो शिकवण्यास कठीण व विकण्यास अशक्य. निवडीचा प्रश्न वस्तूचा आहे. म्हणून तो विकण्यास सोयीचा. बाजाराने पहिला प्रश्न पुढे आणला आणि दुसरा मागे पडला. अनेक भाषांनी मात्र या साधनाला नाव देताना दुसऱ्या प्रश्नाचेच उत्तर जपून ठेवले आहे. हे विधान पुढील विवेचनात तपासून पाहावयाचे आहे.

२

प्रथम नावांचा विचार करू. वस्तऱ्याचे नाव प्राचीन आहे. संस्कृत 'क्षुर' आणि ग्रीक 'क्सुरॉन' हे शब्द सगोत्र मानले जातात. ऋग्वेदात (८.४.१६) क्षुर तीक्ष्ण करण्याची उपमा आलेली आहे. तेथील 'भुरिज्' या द्विवचनी शब्दाचा अर्थ कात्री, दोन बाहू, धार लावण्याचे दुहाती साधन अशा निरनिराळ्या प्रकारे लावण्यात आला आहे. वस्तऱ्याच्या धारेची उपमा कठोपनिषदात आहे, तशीच ती इलियडच्या दहाव्या सर्गातही आहे. रोमन लेखक प्लिनी याने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात धारेच्या दगडांचे प्रकार सांगताना न्हाव्यांच्या दुकानांत वापरल्या जाणाऱ्या व थुंकीने ओल्या कराव्या लागणाऱ्या दगडाचा निर्देश केला आहे. या उल्लेखांत धार आहे, दगड आहे. चामड्याचे नाव नाही. उल्लेख नाही म्हणून वस्तूच नव्हती असे अनुमान काढणे अर्थातच चुकीचे ठरेल. काव्य आणि दगडांची यादी ही दोन्ही या बाबतीत अपुरी साधने आहेत. एवढे मात्र निश्चित की, वस्तऱ्याला जसे दूरदूरच्या भाषांत एका मूळापासून आलेले नाव आहे तसे पट्ट्याला नाही. त्याला प्रत्येक भाषेने आपापल्या परीने नाव दिले.

ही नावे स्थूलमानाने तीन वर्गांत पडतात. पहिल्या वर्गात साधनाचे द्रव्य अथवा आकार सांगितलेला असतो. फ्रेंच भाषेत या पट्ट्याला 'क्युईर आ राझ्वार' म्हणजे 'वस्तऱ्याचे चामडे' म्हणतात. इटालियन 'कोरामेल्ला' हा शब्द चामडे या अर्थाच्या लॅटिन 'कोरियम्'च्या कुळातील आहे. हिंदीतील 'चमोटा' व 'चमोटी' यांतही चामच आहे. इंग्रजी 'स्ट्रॉप' आकाराचा निर्देश करतो. त्याचे मूळ लॅटिन 'स्ट्रॉपस' म्हणजे वादी अथवा दोरीचा वेढा हे होय, आणि लॅटिन शब्दाच्या मागे 'पिळलेला पट्टा' या अर्थाचा ग्रीक 'स्ट्रोफॉस' आहे. वल्हे खुंटीला बांधण्याच्या वादीलाही रोमन लोक हेच नाव देत. इंग्रज खलाशी आजही कप्पीभोवतीच्या दोराच्या वेढ्यास 'स्ट्रॉप' म्हणतात. 'स्ट्रॅप' हे त्याच शब्दाचे दुसरे रूप होय.

दुसऱ्या वर्गात हाताची क्रिया सांगितलेली असते. जर्मन 'श्ट्राइखरीमेन' मधील 'श्ट्राइखेन' म्हणजे हळुवार हात फिरवणे. 'आब्त्सीरीमेन' या पर्यायी शब्दात ओढून घेण्याची क्रिया आहे. तिसऱ्या वर्गात परिणाम सांगितलेला असतो आणि प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने हाच वर्ग सर्वांत महत्त्वाचा. स्पॅनिश भाषेत पट्ट्याला 'सुआव्हिसादोर' म्हणजे 'मऊ करणारा' म्हणतात. पोर्तुगीज भाषेत तो 'असेंतादोर' म्हणजे 'बसवणारा' होतो. विसकटलेली धार जागेवर बसवणे असा तेथे भाव आहे.

दुसऱ्या व तिसऱ्या वर्गातील या नावांत 'तीक्ष्ण करणे' ही कल्पना कोठेही नाही. कुरवाळणे, ओढणे, मऊ करणे, बसवणे एवढेच ती नावे सांगतात. याला जपानी भाषेचा एक लक्षणीय अपवाद आहे. तेथील 'कावातो' या शब्दाचा विग्रह 'चामड्याचा धारदगड' असा होतो. अशा अपवादामुळे नावावरून क्रियेचे स्वरूप ठरवताना सावधगिरी बाळगावी लागते. तथापि स्पॅनिश व पोर्तुगीज नावे निरीक्षणातून आलेली आहेत यात संशय नाही. पट्ट्यावरून घेतलेला वस्तरा अधिक कापतो म्हणण्यापेक्षा कातडीला कमी टोचतो, हे न्हाव्याला व दाढी करून घेणाऱ्याला सारखेच जाणवते.

३

हे साधन न्हाव्याच्या दुकानातून गृहस्थाच्या घरी आले त्याचे एक मुख्य कारण पोलादात आहे. इंग्लंडात शेफील्ड येथे बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या दशकात मुशीत वितळवलेले पोलाद तयार केले. ते एकजिनसी व कठीण असल्यामुळे त्याचा वस्तरा धार अधिक काळ धरून राही. ज्या पोलादाची धार लवकर मरते त्याला वारंवार दगड लागतो, आणि दगडाचे काम नवख्याच्या हाती सहसा बिघडते. धार टिकाऊ झाली म्हणजे रोजच्या निगेला चामडे पुरते. त्यामुळे स्वतःची दाढी स्वतः करणे सर्वसामान्य सुशिक्षित माणसाच्या आटोक्यात आले.

या बदलाचा ग्रंथगत पुरावा पॅरिस येथे मिळतो. तेथील धारेची हत्यारे घडवणारा कसबी कारागीर झाँ-झाक पेरे याने १७६९ मध्ये 'पोगोनोटोमी' हे पुस्तक प्रसिद्ध केले. दाढी आणि कापणे या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून त्याने हे भारदस्त नाव बनवले होते. स्वतःची दाढी स्वतः करण्यास शिकवण्याची कला, असा विषय त्याने उपशीर्षकातच सांगून टाकला आहे. पेरे हा विक्रेता होता, परंतु त्याच्या पुस्तकाचा गाभा शिकवणीचा आहे. जी विद्या उमेदवाराने उस्तादाच्या शेजारी उभे राहून डोळ्यांनी घ्यावयाची, ती अक्षरांत उतरवण्याचा हा प्रयत्न होता. न्हाव्याचा हात आणि गृहस्थाचा हात यांच्यामध्ये प्रथमच छापील पान आले.

पोलादाच्या या कथेला मुंबईचाही एक धागा आहे. मुंबईत असलेले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी येथील पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. त्यांवरील जॉर्ज पिअर्सन यांचा निबंध १७९५ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईस तयार होते व त्याला तेथे 'वूट्झ' म्हणतात, असे म्हटले आहे. वास्तविक मुंबई हे त्याच्या निर्यातीचे बंदर होते. त्या पोलादाच्या भट्ट्या दख्खन व दक्षिणेच्या अंतर्भागात होत्या. 'वूट्झ' या शब्दाचे मूळ कन्नड 'उक्कु' मध्ये शोधले जाते. 'वूक' असे लिहिलेले वाचताना चूक झाली असावी, असा तर्क युल व बर्नेल यांनी आपल्या १८८६ च्या कोशात मांडला आहे. लंडनचे शस्त्रक्रियेची हत्यारे घडवणारे जेम्स स्टोडार्ट यांनी बारीक धारेच्या हत्यारांसाठी या पोलादाची विशेष शिफारस केली. पुढे मायकेल फॅरडे यांच्या सहकार्याने त्यांनी पोलादाच्या मिश्रधातूंवर जे प्रयोग केले त्यांचा पहिला वृत्तांत १८२० चा आहे. अशा मिश्रधातूंचे वस्तरे फॅरडे यांनी मित्रांना भेट दिले होते. उत्तम धारेचा शोध त्या काळी किती गंभीरपणे घेतला जात होता, हे यावरून दिसते.

४

पेरे याच्या पुस्तकानंतर सुमारे पाव शतकाने पट्ट्याचा इतिहास वेगळ्या वळणावर गेला. लंडनच्या ग्रेसचर्च स्ट्रीटवर जॉर्ज पॅकवुड नावाचा व्यापारी पट्टे व त्यांना लावण्याचा लेप विकत असे. १७९० च्या दशकाच्या मध्यास त्याने वृत्तपत्रांतून जाहिरातींचा सपाटा लावला. संवाद, कोडी, गाणी, बोधकथा असे अनेक वाङ्मयप्रकार त्याने या कामी राबवले, आणि १७९६ मध्ये त्या जाहिरातींचा संग्रह पुस्तकरूपाने काढला. 'पैसा मिळवून सुखी होण्याचा मार्ग' असा त्याच्या शीर्षकाचा एक भाग होता! नील मॅकेंड्रिक यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात पॅकवुडचा विस्तृत अभ्यास केला असून, ग्राहकप्रधान समाजाच्या उदयाचे उदाहरण म्हणून त्याला स्थान दिले आहे.

मॅकेंड्रिक यांना त्यात व्यापाराचा इतिहास दिसला. आपल्या विषयाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पेरे सांगत होता की ही क्रिया शिका. पॅकवुडचा आशय असा की ही वस्तू घ्या. कर्तेपण हातातून वस्तूत गेले. पट्टा अमुक हाताने असा फिरवावा, याऐवजी अमुक पट्टा वस्तऱ्याला असा करतो, अशी वाक्यरचना रूढ झाली. वाक्याचा कर्ता बदलला की जबाबदारीही बदलते. वस्तरा टोचला तर दोष हाताचा नव्हे, पट्ट्याचा. आणि उपाय सराव हा नव्हे, दुसऱ्या पट्ट्याची खरेदी हा. १८४० च्या दशकात अमेरिकेत 'रेझर स्ट्रॉप मॅन' या नावाने प्रसिद्धीस आलेला हेन्री स्मिथ रस्त्यावर उभा राहून विनोदी भाषणे करीत पट्टे विकत असे. १८४८ मध्ये बोस्टन येथे त्याचे चरित्रही छापले गेले. विक्रेत्याचे चरित्र निघावे एवढा हा धंदा बोलका झाला होता.

५

तेव्हा निवडीला काही अर्थच नाही, असे म्हणावयाचे काय? तसे नाही. निवडीचे काही निकष वस्तुनिष्ठ आहेत. घोड्याच्या पुठ्ठ्याच्या कातडीत तंतूंचा एक अतिशय घट्ट थर असतो. त्यापासून तयार होणाऱ्या चामड्याला स्पेनमधील कॉर्डोबा शहरावरून 'कॉर्डोव्हन' हे नाव पडले. त्यावर वस्तरा जवळजवळ अडथळ्याविना सरकतो. याउलट बर्चच्या सालीचे तेल मुरवलेल्या रशियन चामड्यावर, अथवा त्याच्या नकलेवर, वस्तऱ्याला किंचित ओढ जाणवते. ओढ अधिक म्हणजे परिणाम अधिक असा नियम नाही. हाताला काय मानवते याचा तो प्रश्न आहे. पट्टा दोन ते तीन इंच रुंद असतो. पाते जर पट्ट्याच्या रुंदीहून लांब असेल तर ते तिरके फिरवून टाचेपासून टोकापर्यंत सर्व धार चामड्यावरून न्यावी लागते. चामड्यावर घड्या, चिरा अथवा कण असता कामा नयेत, एवढी मात्र कडक अट आहे.

रचनेच्या दृष्टीने पट्टे दोन प्रकारचे. एक टांगता, याचे एक टोक भिंतीला अडकवून दुसरे हाताने ताणून धरतात. दुसरा लाकडी फळीवर बसवलेला. टांगत्या पट्ट्याला अनेकदा तागाच्या अथवा कॅनव्हासच्या कापडाची जोड असते; प्रथम कापडावर व नंतर चामड्यावर, असा क्रम ठेवतात. फळीचा पट्टा सैल पडत नाही, म्हणून तो नवख्याला सोयीचा. याशिवाय लोखंडाच्या तांबड्या भस्मासारखी किंवा क्रोमियम ऑक्साइडसारखी बारीक घर्षक द्रव्ये लावलेला पट्टा वेगळा ठेवतात. तो खऱ्या अर्थाने दगड आणि चामडे यांच्या मधला आहे, आणि रोजच्या वापराचा नव्हे.

आता वापर. वस्तऱ्याची घडण अशी असते की, त्याची पाठ आणि धार ही दोन्ही पट्ट्यावर एकाच वेळी टेकली म्हणजे कोन आपोआप ठरतो. पाठ जाड असते ती एवढ्यासाठीच. म्हणून वस्तरा पट्ट्यावर सपाट टेकवावा, आणि पाठ पुढे व धार मागे अशा दिशेने न्यावा. धार पुढे ठेवून ढकलल्यास ती चामड्यात शिरते व दोहोंची हानी होते. पट्ट्याच्या अखेरीस वस्तरा उलटावयाचा तो पाठीवर, धारेवर नव्हे. नवख्याची पहिली चूक बहुधा येथेच होते, आणि तिची खूण पट्ट्यावर कायमची राहते. भार जवळजवळ वस्तऱ्याच्या वजनाएवढाच असावा. पट्टा सैल सोडला अथवा वस्तरा दाबला तर चामडे धारेभोवती वर उचलले जाते आणि धार गोल होते. म्हणजे ज्या क्रियेने धार राखावयाची त्याच क्रियेने ती मारली जाते. वेग हा सर्वांत शेवटी येणारा गुण होय. न्हाव्याच्या हाताचा टपटप आवाज ऐकून त्या वेगाचे अनुकरण करणारा नवशिका पहिल्याच आठवड्यात पट्टा कापतो.

या सर्व सूचना वाचून समजतात, परंतु साध्य होत नाहीत. पट्टा किती ताणावा, भार कधी अधिक झाला, ओढ कधी बदलली, हे मनगटाला कळावे लागते. जर्मन नावातील 'हळुवार हात फिरवणे' ही क्रिया म्हणजे या परिच्छेदाचा एका शब्दातील सारांश आहे. महाग पट्टा जड हाती फुकट जातो; साधा पट्टा हलक्या हाती पुरून उरतो.

६

विसाव्या शतकाने या प्रश्नाचे उत्तर देण्याऐवजी प्रश्नच काढून टाकला. १८८० मध्ये अमेरिकेत कॅम्फे बंधूंनी पेटंट घेतलेल्या सुरक्षित वस्तऱ्याचे पातेही पट्ट्यावर घ्यावेच लागे. किंग कँप जिलेट याने पातेच पातळ व टाकाऊ केले. त्याच्या कंपनीने १९०३ मध्ये अवघे ५१ वस्तरे व १६८ पाती विकली. १९०४ मध्ये त्याला पेटंट मिळाले. आणि १९१८ मध्ये अमेरिकन सैनिकांसाठी सरकारने सुमारे ३५ लक्ष वस्तरे खरेदी केले. दगड नको, पट्टा नको, हेच त्याच्या जाहिरातींचे मुख्य सूत्र होते. पॅकवुडने कौशल्य वस्तूत आहे असे सुचवले. जिलेटने कौशल्याची गरजच नाही असे सांगितले. मधल्या काळात पट्टा यंत्राच्या पोटात लपवण्याचेही प्रयोग झाले. 'ऑटोस्ट्रॉप' वस्तऱ्यात पाते न काढता त्यातून पट्टा ओढता येई. इंग्लंडच्या 'रोल्स रेझर'च्या धातूच्या पेटीत एका झाकणात दगड व दुसऱ्यात चामडे बसवलेले असे. कोन व भार यंत्र सांभाळी. माणसाने केवळ मागेपुढे करावयाचे.

पट्टा नेमके काय करतो याचे सूक्ष्मदर्शकाखालील परीक्षण बऱ्याच उशिरा झाले. आयोवा स्टेट विद्यापीठातील जॉन व्हरहोवेन यांनी २००४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने धारेचे जे प्रयोग मांडले, त्यांत कोऱ्या चामड्याचा परिणाम अल्प आणि क्रोमियम ऑक्साइड लावलेल्या चामड्याचा परिणाम ठळक दिसून आला. २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखवले की, पोलादाहून सुमारे पन्नास पटींनी मऊ असलेला केस विशिष्ट कोनात वाकून धारेच्या कडेचे कपचे काढू शकतो. ही परीक्षा आधुनिक पात्यांवर झाली होती. तथापि तीवरून एक मर्यादा स्पष्ट होते. गेलेला कपचा चामडे परत आणू शकत नाही. त्याला दगडच हवा. पट्टा असलेले राखतो, नसलेले निर्माण करीत नाही. 'मऊ करणारा', 'बसवणारा' ही नावे देणाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाविना जे म्हटले ते या निष्कर्षाच्या विरोधात जात नाही. पॅकवुडच्या पद्धतीची आश्वासने मात्र जातात.

७

शेवटी आपल्या भाषेकडे वळू. बारा बलुतेदारांपैकी एक असलेल्या न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, दगड व चामडे ही तिन्ही असत. शेवटचा हात पुष्कळदा स्वतःच्या तळहातावर देण्याची रीत होती. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथामुळे बलुतेदारीचे अर्थकारण आपणांस ठाऊक झाले. परंतु निरनिराळ्या बलुतेदारांच्या कामातील क्रियापदांची तशी पद्धतशीर नोंद झालेली नाही. प्रमाण मराठीत आपण सरसकट 'धार लावणे' म्हणतो व त्यात दगड आणि चामडे यांचा भेद उरत नाही. 'पाजळणे' या क्रियापदात मात्र तो सुचवला जातो. दिवा पाजळणे आणि शस्त्र पाजळणे हे दोन्ही प्रयोग एकाच शब्दाचे असून त्याचा संबंध संस्कृत 'प्रज्वल्' या धातूशी आहे. झिजवणे हा येथे मूळ भाव नव्हे; उजळणे, झळाळी आणणे हा आहे. पट्ट्याच्या कामाला याहून नेमके क्रियापद सापडणे कठीण.

१९८० च्या दशकानंतर रक्तातून पसरणाऱ्या रोगांची, विशेषतः एड्सची, जाणीव वाढली आणि आपल्याकडील केशकर्तनालयांत अर्धे पाते बसवण्याचा वस्तरा रूढ झाला. एकाच चामड्यावरून अनेकांच्या दाढीचा वस्तरा नेण्याची पद्धत मागे पडली, हे आरोग्याच्या दृष्टीने इष्टच झाले. तिच्यासाठी हळहळण्याचे कारण नाही. परंतु जुना वस्तरा ज्यांनी चालवला ते कारागीर आता वृद्ध आहेत. साधने संग्रहालयात ठेवता येतात. हाताच्या क्रियेला मात्र क्रियापदाखेरीज दुसरे आश्रयस्थान नाही. व्यवसायाच्या शब्दसंग्रहासाठी बाहेर पडणारे आपले विद्यार्थी बहुधा नामांची यादी घेऊन परततात : हत्यारांची नावे, भागांची नावे, द्रव्यांची नावे. न्हाव्याला 'याला काय म्हणतात' असे विचारले की नाम मिळते. 'आता तुम्ही काय करता आहात' असे विचारले पाहिजे. प्रश्नाचा हा बदल लहान आहे. परंतु पट्ट्याच्या इतिहासात निवड आणि वापर यांमध्ये जे अंतर पडले, तेच या दोन प्रश्नांमध्येही आहे.